जुना जेट, नवे पेट्रोल

२००१ साली आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळून पाहण्याचे प्रायोगिक प्रकल्प तीन ठिकाणी सुरू झाले. एक उत्तर प्रदेशात बरेलीकडे, आणि दोन महाराष्ट्रात, मनमाड आणि मिरज. मिरजेहून दक्षिणेला निघालेला लोहमार्ग घटप्रभा, बेळगाव, खानापूर करत लोंढ्याला येतो. तिथे त्याला दोन फाटे फुटतात. एक हुबळीकडे जातो, दुसरा तिनई घाट, कॅसलरॉक, दूधसागर करत गोव्यात उतरतो. या मार्गाच्या वरच्या अंगाला, सांगली-कोल्हापूरपासून निपाणी, चिक्कोडीपर्यंत नजर जाईल तिथे ऊस आहे, उसामागे कारखाने आहेत आणि कारखान्यांमागे आसवन्या. देशातल्या मोठ्या इथेनॉल उत्पादकांपैकी एक असलेल्या रेणुका शुगर्सचा मुनोळीचा कारखाना याच बेळगाव जिल्ह्यातला, आणि साखरतंत्र शिकवणारी एस. निजलिंगप्पा संस्थाही बेळगाव शहरातच आहे. लोंढ्याच्या किंवा खानापूरच्या पंपावर जुन्या बुलेटच्या टाकीत जे पडते, त्याचा पाचवा हिस्सा असा आसपासच्या शेतांतून आलेला असण्याची शक्यता बरीच आहे.

हे एका दिवसात झाले नाही. जानेवारी २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले. त्यात महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा तिन्ही होते. जून २०२२ मध्ये देशाची सरासरी दहा टक्क्यांवर गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्क्यांचे, म्हणजे ई२०, पेट्रोल निवडक पंपांवर आले आणि २०२५ पर्यंत तेच सर्वसाधारण झाले. धोरणाचे फायदे-तोटे हा वेगळा विषय आहे. शेतकऱ्याला त्यातून पैसा मिळतो, ही या भागात कुणाला पटवून द्यावी लागणारी गोष्ट नाही. या प्रकरणाचा प्रश्न लहान आहे आणि पितळेचा आहे: ज्या गाडीचा कार्बोरेटर चाळीस-साठ वर्षांपूर्वीच्या पेट्रोलसाठी बेतला होता, तिला आजच्या पेट्रोलवर नीट कसे चालवायचे?

अशा गाड्या या पट्ट्यात भरपूर आहेत. बेळगाव हे छावणीचे गाव, मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र. लष्कराने १९५०च्या दशकात बुलेट स्वीकारली, त्या मागणीमुळेच १९५५ मध्ये मद्रास मोटर्स आणि इंग्लंडमधली रॉयल एनफिल्ड एकत्र आली आणि तिरुवोत्तियूरला कारखाना उभा राहिला. फौजेत बुलेट चालवलेला माणूस निवृत्तीनंतर गावी बुलेटच घेतो, हे या बाजूला पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. दुसऱ्या बाजूने म्हैसूरहून जावा आली. आयडियल जावाने १९६१ पासून ती बनवली, पुढे येझदी नावाने विकली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. आजही त्या गाड्या धावतात, याचे मोठे श्रेय बेळगावच्या उद्यमबागेतल्या आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवाल्यांना जाते. कंपनीने बनवायचे सोडून दिलेले भाग या माणसांनी बनवले.

आता हिशेब पाहू. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचाच प्राणवायू असतो, म्हणून त्याला फक्त ९ पट हवा पुरते. वीस टक्के इथेनॉल मिसळले की ते प्रमाण सुमारे १३.५ वर येते. कार्बोरेटरला हा बदल कळत नाही. नव्या गाडीत संगणक असतो, धुरातला प्राणवायू मोजून तो पेट्रोल वाढवतो. जेट हे मात्र पितळेतले एक भोक आहे. त्यातून जेवढे पूर्वी जात होते तेवढेच आजही जाते. परिणामी इंजिनाला गरजेपेक्षा सुमारे आठ टक्के कमी इंधन मिळते. मेकॅनिकच्या भाषेत गाडी ‘लीन’ होते.

आठ टक्के म्हणजे फार की थोडे, हे गाडी आधी कशी लावली होती त्यावर ठरते. जास्तीत जास्त ताकद पेट्रोलच्या एका भागाला साडेबारा ते तेरा भाग हवा असताना मिळते. म्हणजे पूर्ण मूठ पिळल्यावर मिश्रण मुद्दाम ‘रिच’ ठेवलेले असते. कारखान्याच्या मूळ सेटिंगवर असलेली चार-स्ट्रोक बुलेट या आठ टक्क्यांनी कोसळत नाही. थोडी तापते, पिकअपला आळस करते, इतकेच. अडचण येते ती ‘किती देते?’ या प्रश्नापायी ज्या गाड्या आधीच काठावर आणून ठेवल्या आहेत त्यांची. ॲव्हरेज वाढावे म्हणून कार्बोरेटरची सुई सर्वांत खालच्या पायरीवर उतरवलेली आणि मेन जेट दोन नंबरांनी लहान केलेला असतो. त्या गाडीला ई२० घातले की ती घाटात कार्बोरेटरमधून खोकते, मूठ सोडताना सायलेन्सरमध्ये फटाके फोडते आणि प्लग काढला तर चिनी मातीचा भाग खडूसारखा पांढरा दिसतो. टू-स्ट्रोक जावा-येझदीची गोष्ट आणखी गंभीर आहे. तिथे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. पेट्रोल कमी म्हणजे पिस्टनला तेलही कमी, आणि वर उष्णता जास्त. भर वेगात पिस्टन सिलिंडरला धरतो तो असा. घाबरून टाकीत तेल जास्त ओतणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे: तेवढ्याच भोकातून जास्त तेल गेले तर पेट्रोल आणखी कमी जाते, म्हणजे मिश्रण अधिकच लीन होते.

लोंढ्याच्या माणसाला यात भूगोलही मोजावा लागतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, लोंढा सहाशेच्या थोडे वर. सहाशे मीटरवर हवेची घनता समुद्रकाठच्या तुलनेत पाच-सहा टक्क्यांनी कमी असते. कार्बोरेटरमधल्या मिश्रणावर त्याचा परिणाम घनतेच्या वर्गमुळाने होतो, म्हणून फरक पडतो तो तीनच टक्क्यांचा. बेळगाव किंवा लोंढ्यात नीट लावलेली गाडी रामनगर, अनमोड करत मोले-फोंड्याला उतरली की तेवढी लीन होते. थंडीच्या दिवसांत पहाटेची हवा दुपारच्या हवेपेक्षा दाट असते, त्याचेही दोन-तीन टक्के धरा. ‘अनमोडचा घाट उतरला की गाडी बिघडते’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. घाटाचा वाटा त्यात आहे, पण तो इथेनॉलच्या निम्म्याहून कमी आहे. हे तिन्ही एकत्र आले, म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारी बेळगावात जुन्या पेट्रोलवर लावलेली गाडी जानेवारीच्या सकाळी ई२० घालून गोव्यात पळवली, तर तूट दहा टक्क्यांच्या पुढे जाते. तिथे मात्र जुने इंजिन खरोखर भुकेने तडफडते.

गंमत अशी की मोटारसायकलच्या पहिल्या पिढीला ही अडचण नेहमीचीच होती. १९१०-२० च्या दशकांत पेट्रोलचा दर्जा गावागणिक बदलायचा. म्हणून हँडलवर दोन लहान तरफा असत, एक मिश्रणासाठी आणि एक फक्त हवेसाठी. चालवणारा चढ, उतार, थंडी, ऊन पाहून हवेची तरफ हलवत राहायचा. अमेरिकेत हार्ली डेव्हिडसनवर पुढे लिंकर्ट कार्बोरेटर आला, त्याच्या अनेक नमुन्यांत मेन जेटसाठीही हाताने फिरवायची सुई होती. इंग्लंडमध्ये १९२७ साली ब्राउन अँड बार्लो, अमॅक आणि बिंक्स या तीन कंपन्या एकत्र येऊन ‘अमाल’ जन्माला आली. जुन्या बुलेटवर जो दिसतो तो हाच अमाल, बहुधा त्याचा मोनोब्लॉक नमुना. पेट्रोल सगळीकडे सारखे मिळू लागले तशी हाताने फिरवायची साधने गळत गेली आणि ठरलेल्या आकाराचे जेट राहिले. आज पेट्रोल पुन्हा बदलले आहे. म्हणून जुन्या गाडीवर फिरवता येणारे साधन परत बसवणे ही तिच्या इतिहासाशी केलेली फारकत आहे असे मला वाटत नाही. मोटारसायकलच्या पहिल्या पिढीचीच ती रीत आहे.

काही साधने तर गाडीवर आधीपासूनच असतात, फक्त त्यांची कामे लोक एकमेकांत मिसळतात. अमालच्या आणि जावाच्या यिकोव्ह कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरवर जे बटण असते ते टिकलर. ते दाबले की फ्लोट खाली जातो, पेट्रोलची पातळी वाढते आणि थोडे ओसंडते. थंड इंजिन चालू करण्यापुरताच त्याचा उपयोग. इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, म्हणून ई२० आल्यापासून सकाळी टिकलर पूर्वीपेक्षा जरा जास्त दाबावा लागतो. दुसरे साधन अमालची हवेची स्लाइड, जिला आपण चोक म्हणतो. ती मुख्य स्लाइडच्या पोटातून खाली उतरते, हवेचा मार्ग अडवते आणि नळीतली ओढ वाढवते. तिसरा प्रकार मिकुनी कार्बोरेटरचा, आणि म्हणून आपल्या नंतरच्या बुलेटवरच्या मिककार्बचाही. त्यात हवा अडवली जात नाही. एक प्लंजर उचलला की वेगळ्या लहान जेटमधून जादा पेट्रोल थेट इंजिनाच्या बाजूला येते. पण ते येते फक्त मूठ बंद असताना, कारण तेव्हाच तिथे ओढ जोरात असते. मूठ उघडली की ते जवळपास थांबते. मिककार्बवर ‘चोक थोडा ओढून ठेवला, तरी घाटात फरक नाही’ अशी तक्रार येते ती याच कारणाने.

अमालची स्लाइड मात्र फार उपयोगी आहे. गाडी ज्या वेगाला अडखळते तिथेच चालवत ठेवून हवेची स्लाइड थोडी उतरवा. गाडी सुधारली तर मिश्रण लीन होते, आणखी बिघडली तर रिच होते. इतकी स्वस्त आणि खात्रीची परीक्षा दुसरी नाही. कोणताही नवा भाग विकत घेण्याआधी ती करावी.

त्याआधीही दोन गोष्टी पाहाव्यात. जुन्या अमालचा फ्लँज वर्षानुवर्षे जास्त घट्ट आवळल्याने वाकतो आणि तिथून हवा आत शिरते. स्लाइड झिजून सैल झाली असेल तर तीही हवा आत घेते. गाडी आयडलवर ठेवून जोडावर साबणाचे पाणी सोडा. आवाज बदलला तर दोष जोडात आहे, जेटमध्ये नाही. टॅपेट, टायमिंग, फ्लोटची उंची, टाकीच्या कॉकमधून पेट्रोल मोकळे येते की नाही, हे सगळे आधी. हवा चोरणाऱ्या इंजिनाला वाढीव पेट्रोल देणे म्हणजे दोष झाकणे आहे, आणि झाकलेला दोष रस्त्यावरच उघडा पडतो.

मग कुठे किती कमी पडते ते पाहायचे. मूठ आठव्या हिश्शापर्यंत उघडलेली असताना पायलट जेट काम करतो. तिथून पाव हिश्शापर्यंत स्लाइडच्या खालच्या कापाचा ताबा असतो. पावपासून पाऊणपर्यंत सुईचा. पाऊणच्या पुढे मेन जेटचा. मुठीवर आणि तिच्या घरावर कागदी पट्टी चिकटवून या खुणा करा. अनमोडचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढताना मूठ बहुतेक वेळ अर्ध्याच्या आसपास असते, म्हणजे तिथे सुई बोलते. सुईची क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर उचलली जाते आणि मधला पट्टा रिच होतो. याला एक रुपया खर्च नाही. पुष्कळ बुलेटवाल्यांचे काम इथेच संपते, आणि संपले तर पुढे जाऊ नये.

मेन जेटचे गणितही सरळ आहे. अमालच्या जेटवरचा आकडा म्हणजे ठरलेल्या दाबाखाली एका मिनिटात त्यातून जाणारे घन सेंटिमीटर. १५० नंबरच्या जेटला आठ टक्के वाढवले तर १६२ येतात, म्हणजे १६० नंबर बसवून पाहावा. पण आज ई२०, उद्या आणखी काही, आज लोंढा, परवा पणजी, आज थंडी, महिन्याने ऊन. प्रत्येक वेळी कार्बोरेटर उघडणे नको असेल तेव्हा पॉवर जेट कामाला येतो.

पॉवर जेट म्हणजे फ्लोट चेंबरमधून निघून कार्बोरेटरच्या हवा घेणाऱ्या तोंडात उघडणारी एक वेगळी बारीक नळी, मधे फिरवायचा नीडल व्हॉल्व्ह. यामाहाच्या टीझेड या रेसिंग गाड्यांवर १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात मिकुनीने अशी व्यवस्था दिली. तिची खुबी जागेत आहे. नळीचे तोंड स्लाइडच्या अलीकडे, मोकळ्या हवेच्या वाटेवर असते. मूठ कमी उघडलेली असताना तिथे हवा संथ असते आणि नळी कोरडी राहते. मूठ पाऊणच्या पुढे गेली आणि इंजिन जोरात ओढू लागले की हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि पेट्रोल नळीतून वर चढते. कुळ्याहून कॅसलरॉकच्या चढावर जड आगगाडीला मागून जोडलेले इंजिन जसे घाटापुरतेच ढकलते आणि वर पोचल्यावर सुटून जाते, तसे पॉवर जेटचे काम आहे. म्हणूनच आयडलवर तपासल्या जाणाऱ्या पीयूसीच्या आकड्यांत त्याने फरक पडत नाही. मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींना तिथे कार्बन मोनॉक्साइडची साडेचार टक्क्यांची मर्यादा आहे.

पॉवर जेट कधी जागा व्हावा हे नळीच्या उंचीवरून ठरवता येते, आणि हा भाग मला या साऱ्या कामात सर्वांत देखणा वाटतो. नळीचे टोक फ्लोट चेंबरमधल्या पेट्रोलच्या पातळीपेक्षा वीस मिलिमीटर वर असेल, तर पेट्रोल तिथवर उचलायला पाण्याच्या पंधरा मिलिमीटर स्तंभाएवढी ओढ लागते. हवेचा वेग सेकंदाला सोळा मीटरच्या आसपास गेला की तेवढी ओढ तयार होते. टोक आणखी वर नेले तर साधन उशिरा जागे होते, खाली आणले तर लवकर. फार खाली आणले तर मात्र गाडी उभी असतानाही पेट्रोल आपोआप वाहत राहील आणि ते गरम सिलिंडरवर टपकेल. हा धोका खरा आहे, त्याला सूट नाही.

पातळी मोजण्याची युक्ती सोपी. फ्लोट चेंबरच्या तळाच्या ड्रेन स्क्रूच्या जागी पितळी निपल बसवा, त्याला पारदर्शक नळी लावून ती कार्बोरेटरच्या अंगाला उभी धरा आणि कॉक उघडा. नळीत पेट्रोल जिथवर चढेल ती पातळी. तिथे खूण करा. पॉवर जेटला पेट्रोल याच निपलमधून घ्यायचे आहे. मिककार्बला ड्रेन स्क्रू असतो. मोनोब्लॉकला मेन जेटखाली पितळी झाकण-नट असते, तसे एक सुटे घेऊन त्यात निपल बसवता येते. मूळचे झाकण पुडीत बांधून ठेवावे.

इथे लोंढ्याचा पाऊस आठवावा लागतो. या रानात पावसाळ्यात महिनोन् महिने काही कोरडे राहत नाही आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. पाण्याचे प्रमाण हद्दीबाहेर गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर करतात. तळातूनच पेट्रोल घेणारी नळी सर्वांत आधी हाच थर उचलेल, तोही तुम्ही पूर्ण वेगात असताना. म्हणून निपलची नळी झाकणाच्या आत पाच-सहा मिलिमीटर वर उभी ठेवावी, म्हणजे पाणी आणि गाळ तिच्याखाली राहतात. आणि पावसाळ्यात दर आठवड्याला चेंबर रिकामे करावे. काचेच्या ग्लासात काढून पाहिले तर थर डोळ्यांना दिसतो.

वरच्या टोकासाठी कार्बोरेटरच्या मूळ अंगाला भोक पाडू नये, हे माझे ठाम मत आहे. अमालचे जस्ताच्या मिश्रधातूचे अंग ठिसूळ असते. शिवाय २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. तिच्यासाठी चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसावा अशी अट आहे. मोनोब्लॉकच्या हवेच्या तोंडाला आटे असतात, त्यावर बसेल अशी ॲल्युमिनियमची लहान रिंग लेथवर काढून घ्यावी. उद्यमबागेत हे तासाभराचे काम. मिककार्बला फिल्टरची रबरी नळी आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये अशीच रिंग बसते. रिंगच्या वरच्या अर्ध्या भागात, दीड ते दोन मिलिमीटर आतल्या व्यासाची पितळी नळी हवेच्या वाटेत डोकावेल अशी बसवावी आणि तिचे टोक तिरके कापून कापलेली बाजू इंजिनाकडे करावी. त्या बाजूला ओढ जास्त मिळते. उद्या गाडी मूळ रूपात हवी असेल तर रिंग आणि निपल काढले की कसलीही खूण उरत नाही.

नीडल व्हॉल्व्ह पेट्रोलच्या पातळीच्या वर, टाकीखाली हात पोचेल अशा ठिकाणी हवा. बुलेटचा एक सिलिंडर जी थरथर देतो तिने सैल स्क्रू आपोआप फिरतो, म्हणून स्प्रिंग किंवा ओ-रिंगने धरलेलाच व्हॉल्व्ह घ्यावा. व्हॉल्व्हच्या पुढे, नळीत, एक लहान जेटही बसवावा, म्हणजे कुणी स्क्रू पूर्ण उघडला तरी इंजिन पेट्रोलात बुडणार नाही. या जेटचा नंबर मेन जेटच्या आठ टक्के असा काढता येत नाही. हवेच्या तोंडाशी ओढ सुईच्या जागेपेक्षा पुष्कळ कमी असते, त्यामुळे भोक हिशेबापेक्षा मोठे लागते. ते करून पाहूनच ठरवायचे. पाइप आणि ओ-रिंग व्हायटॉनसारख्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या हव्यात. साधा प्लास्टिकचा पारदर्शक पाइप मोजमापापुरता ठीक, कायमचा नाही. तो कडक होऊन तडकतो. याच निमित्ताने टाकीच्या कॉकमधले जुने बूच पाहून घ्यावे. त्यावरचा लाखेचा थर इथेनॉलमध्ये विरघळतो आणि तो चिकटा जेटमध्ये जाऊन बसतो. ज्या गाडीला ‘अचानक’ लीनपणा आला, तिच्या जेटमध्ये बऱ्याचदा हेच सापडते.

सगळे बसल्यावर इंजिन चालू करण्याची घाई नको. कॉक उघडून गाडी आधी मधल्या स्टँडवर, मग बाजूच्या स्टँडवर, पंधरा-पंधरा मिनिटे उभी ठेवा आणि वरच्या नळीच्या तोंडाशी बोट लावून पाहा. बाजूला कलल्यावर पातळी सरकते, म्हणून दुसरी परीक्षा जास्त महत्त्वाची. ओलावा लागला तर नळी वर घ्या. हे काम मोकळ्या जागेत, वाळूची बादली हाताशी ठेवून.

सुरुवात स्क्रू पूर्ण बंद ठेवून, नेहमीच्या मेन जेटवर. बेळगाव-खानापूर रस्त्यावर गर्दी नसलेला सपाट टप्पा निवडा. इंजिन गरम झाल्यावर टॉप गिअरमध्ये मूठ पूर्ण उघडून साधारण किलोमीटरभर जा, तिथेच क्लच दाबून इग्निशन बंद करा आणि गाडी बाजूला घेऊन प्लग काढा. जुनी पुस्तके सांगतात तो बिस्किटी रंग शोधू नका. तो शिसेयुक्त पेट्रोलचा रंग होता आणि शिसे आपल्याकडे २००० साली बंद झाले. आता चिनी मातीच्या अगदी मुळाशी, खोलवर, एक फिकट करडे कडे दिसले पाहिजे. ते दिसत नसेल तर स्क्रू अर्धा फेरा उघडा आणि पुन्हा. दर वेळी एकच बदल. मूठ पूर्ण उघडल्यावर गाडी जड होऊन धक्के देऊ लागली आणि सायलेन्सर काळा पडला, तर अर्धा फेरा मागे. टू-स्ट्रोकला नेहमी किंचित रिच बाजूला थांबावे. थोडी ताकद कमी मिळाली तरी पिस्टन शाबूत राहतो.

एअर फिल्टर स्वच्छ असतानाच हे सारे करावे. फ्लोट चेंबरला हवा बाहेरून मिळते आणि नळीचे तोंड फिल्टरच्या आत असते. फिल्टर धुळीने तुंबला की त्या दोघांतला दाबाचा फरक वाढतो आणि पॉवर जेट न सांगता जास्त पेट्रोल देऊ लागतो. खाणींच्या आणि लाल मातीच्या या रस्त्यांवर फिल्टर लवकर भरतो. स्क्रू लावला तेव्हा फिल्टर नवा होता की जुना, हे वहीत लिहून ठेवले तर पुढचा गोंधळ वाचतो.

लोंढ्यासाठी लावलेली खूण आणि गोव्यासाठीची खूण यांत पाव ते अर्ध्या फेऱ्याचा फरक निघतो. व्हॉल्व्हच्या डोक्यावर दोन रंगांचे ठिपके लावावेत. मोल्याला खाली पोचल्यावर चहाला थांबतोच, तेवढ्यात इंजिन बंद करून स्क्रू दुसऱ्या ठिपक्यावर आणायचा, आणि परतताना घाट चढून अनमोडला आल्यावर पहिल्यावर.